शेवटचा शब्द मिस्टर हेब्डन यांचा

"वर जाऊ नकोस," मिसेस स्पिंक म्हणाल्या होत्या. "चर्चच्या व्हिकरबाईंच्या कानावर घाल, नाहीतर पोराच्या कानात कापूस घाल, पण त्या मनोऱ्यात स्वतः चढू नकोस. तक्रार घेऊन वर गेलेलं माणूस खाली येतं ते घंटा वाजवायला शिकायचं कबूल करूनच. आमचे हे असेच अडकले. पुढं जन्मभर मंगळवारी संध्याकाळी घरात दिसले नाहीत."

मिसेस स्पिंक आमच्या शेजारी. मधे एकच भिंत, तीही इतकी पातळ की माझ्या घरात काय चाललंय ते त्यांना माझ्याआधी कळतं. मी त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं. मी शिकलेली बाई, भूगोलाची पदवीधर. एका म्हाताऱ्या गृहस्थांना 'सराव जरा लवकर संपवाल का' एवढं विचारायला कसला आलाय धोका?

मागणं खरंच एवढंच होतं. माझा विल्फ तेव्हा दात येण्याच्या वयाचा. ग्रेग, म्हणजे माझा नवरा, बिस्किटांच्या कारखान्यात रात्रपाळीला. मंगळवारी संध्याकाळी मी विल्फला तासभर खांद्यावर घेऊन फिरवायची, श्वास रोखून पाळण्यात ठेवायची, पायऱ्यांच्या कडेकडेनं उतरायची (मधोमध करकरतात), आणि शेवटच्या पायरीवर पाय टेकला की समोरच्या चर्चच्या मनोऱ्यातल्या सहा घंटा एकदम सुरू व्हायच्या. मग विल्फ सुरू व्हायचा. मग, खोटं कशाला सांगू, मीही सुरू व्हायची.

आता, आम्हा थॉर्नबेककरांकडे गोष्टी संपवायला शब्दांची टंचाई आहे असं कुणी समजू नये. पबमध्ये मालक पितळी घंटी बडवून 'लास्ट ऑर्डर्स' म्हणतो, थोड्या वेळानं 'टाइम, प्लीज' म्हणतो. क्रिकेटच्या मैदानावर 'स्टंप्स' म्हणतात. चपलांच्या दुकानावर 'क्लोजिंग डाउन' अशी लाल पाटी मी शाळेत असल्यापासून आहे, मध्यंतरी ती विटली म्हणून मालकानं नवी करून घेतली. पाहुणे उठायचे झाले की दोन्ही गुडघ्यांवर थाप मारून 'राइट' म्हणतात आणि आणखी अर्धा तास बसतात. शब्द रगड आहेत. पण प्रत्येक शब्दाचा मालक ठरलेला आहे. 'टाइम' पबवाल्यानंच म्हणायचं आणि 'राइट' पाहुण्यानंच. यजमानीणबाई कितीही पेंगुळलेली असो, तिनं गुडघ्यावर थाप मारली तर दुसऱ्या दिवशी गावभर तिची चर्चा होते. दुसऱ्याची गोष्ट आपण संपवायची नाही, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं असतं.

आणि मी तर निघाले होते दुसऱ्याचा सराव संपवायला.

मनोऱ्याचा जिना गोल, दगडी आणि इतका अरुंद की माणूस वर पोचेपर्यंत त्याचा राग दोन्ही बाजूंनी घासून निघतो. वर खोलीत छतातून सहा दोर लोंबत होते. पाच माणसं उभी होती आणि सहावा दोर रिकामा.

"ये पोरी, ये," मिस्टर हेब्डन म्हणाले. उंच, वाकलेले, स्वेटरच्या कोपरांना कातड्याची ठिगळं. "बरी वेळेवर आलीस. आमची ट्रेबल कधीची रिकामीच आहे."

"नाही, म्हणजे, मी फक्त... आमच्या घरी ना, आवाज फार..."

"फार?" बेरिलनं विचारलं. बेरिल पोस्टातून निवृत्त झालेली. ती 'फार?' म्हणते तेव्हा पार्सलाचं वजन जास्त भरल्यासारखं वाटतं.

मी पाच चेहऱ्यांकडे पाहिलं. "फार सुंदर येतो," मी म्हणाले.

खाली उतरले तेव्हा माझ्या हातात आल्याचं बिस्कीट होतं आणि पुढच्या मंगळवारपासून मी शिकायला येणार हे ठरलेलं होतं. मिसेस स्पिंक दारातच उभ्या होत्या. "कुठली दिली?" त्यांनी विचारलं.

"ट्रेबल."

"बघ. पोराला माझ्याकडे सोडत जा."

घंटा वाजवणं म्हणजे दोर ओढणं, असा माझा भूगोलाच्या पदवीधराचा समज होता. खरं तर वर एक भली जड वस्तू उलटी उभी करून ठेवलेली असते आणि खाली तुम्ही. वेळेवर ओढलं नाही तर नाद चुकतो, वेळेवर सोडलं नाही तर दोर तुम्हाला उचलून छताची ओळख करून देतो. मी दोन वेळा ती ओळख करून घेतली. मिस्टर हेब्डन एकदाही चिडले नाहीत. "घंटेला आपण आवडलो नाही, एवढंच," असं म्हणून ते मला पुन्हा उभं करायचे. त्यांची तक्रार एकच. "पोरी, चेहऱ्यांकडे काय बघतेस? दोरांकडे बघ. कोणाचा दोर कधी खाली येतो त्यावरून आपली वेळ कळते. चेहऱ्यावरून काही कळत नाही."

पण दिवसभर एका बोलता न येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून भूक, झोप, गॅस आणि दात ओळखणाऱ्या बाईला ही सवय कशी सुटणार?

एक मात्र सांगते. तो मंगळवारचा तास मला त्या वर्षी माणसात ठेवून गेला. त्या तासात विल्फला ताप येईल का, तो उशीत नाक खुपसेल का, ग्रेग पहाटे गाडी चालवताना पेंगेल का, यातलं काहीही मनात यायचं नाही, कारण आलं असतं तर मी पुन्हा छताला गेले असते. आणि इकडे विल्फ मिसेस स्पिंकच्या सोफ्यावर घंटांच्या आवाजात गाढ झोपायला लागला. इतर दिवशी झोपेना. माझ्या तक्रारीचं हे असं भरीत झालं.

ट्रेबल ही सगळ्यांत लहान घंटा, पण सुरुवात तिची. "तयार... निघाली... गेली!" हे शब्द ट्रेबलवाल्यानंच म्हणायचे. शेवटचे शब्द मात्र म्होरक्याचे, म्हणजे मिस्टर हेब्डन यांचे. घंटा लहानापासून मोठीपर्यंत ओळीत वाजतात, मग एकमेकींना ओलांडत वेणीसारख्या गुंफल्या जातात, आणि फिरून फिरून पुन्हा पहिल्या ओळीवर येतात. अशा कितीतरी फेऱ्या होतात. त्यातली शेवटची कोणती, हे म्होरक्या मनात मोजतो. ती आली की तो म्हणतो, 'दॅट्स ऑल.' मग सगळ्यांनी ओळीत वाजवायचं, आणि तो 'स्टँड' म्हणाला की सगळ्यांनी एकदम थांबायचं. जगबुडी आली तरी दुसऱ्या कुणी 'स्टँड' म्हणायचं नाही.

वसंतात मिस्टर हेब्डन यांनी जाहीर केलं, "खांदा आता साथ देत नाही. एक क्वार्टर पील वाजवतो आणि थांबतो. विनीच्या नावानं."

क्वार्टर पील म्हणजे पाऊण तास अखंड वाजवणं. मधे थांबायचं नाही. थांबलात की ते 'लॉस्ट', गेलं, जणू वाजलंच नाही. पुरं झालं तर भिंतीवर लाकडी फळी लागते, वाजवणाऱ्यांच्या नावांची. विनी म्हणजे त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी वारलेली. ती ट्रेबल वाजवायची. मी जो दोर धरत होते तो तिचा, हे मला त्या दिवशी बेरिलनं जिना उतरताना सांगितलं, पोस्टातल्या बाईच्या आवाजात, पण डोळे पुसत.

म्हणजे आता विनीच्या फळीची आणि माझी गाठ. मी चुकले की फळी गेली.

गावात बातमी पसरली आणि सल्ल्यांची रीघ लागली. पबवाला म्हणाला, आधी एक पेला घे, हात सैल होतात. व्हिकरबाई म्हणाल्या, प्रार्थना कर आणि पातळ तळव्यांचे बूट घाल. रॉजर तिसऱ्या घंटेवर असतो आणि पेशानं हिशेबतपासनीस आहे. तो म्हणाला, काहीही मोजू नकोस, तू मोजायला लागलीस की माझं चुकतं.

शनिवारी दुपारी तीनची वेळ ठरली. पण तीन वाजता फुलं सजवणाऱ्या मंडळाच्या बायका चर्चमध्ये असतात आणि घंटा वाजल्या की लिलीचा पराग सांडतो, असं त्यांच्या अध्यक्षीणबाईंनी कळवलं. मग चार. चारला विल्फचं खाणं. शिवाय विम्याच्या नियमात 'घंटांच्या खोलीत तान्ही मुलं नकोत' असं कलम निघालं. मग वटवाघळं. मनोऱ्यात वटवाघळं आहेत का, असतील तर त्यांची विणीची वेळ आहे का, हे बघायला एक मुलगी शिडी घेऊन आली, तीन वटवाघळं सापडली, तिन्ही नर निघाली, आणि आम्हाला संध्याकाळी पाचची परवानगी मिळाली.

"पाच?" मिसेस स्पिंक म्हणाल्या. "पाचला क्लिफर्ड हेब्डन जेवतो. साखरेचं दुखणं आहे त्याला. आधी इन्सुलिनची सुई टोचून घेतो, मग मांस भरलेला पोर्क पाय आणि बीट. विनी होती तेव्हा घड्याळ त्याच्याकडे बघून लावायची."

मी त्यांना विचारलं. "काही हरकत नाही, पोरी," मिस्टर हेब्डन म्हणाले. "चारला जेवेन."

आमच्याकडे 'काही हरकत नाही' हे वाक्य माणूस बुडत असतानाही म्हणतो. मला कळायला हवं होतं.

शनिवारी चार वाजता कौन्सिलचा माणूस आला, हातात आवाज मोजायचं यंत्र घेऊन. कुणीतरी घंटांविरुद्ध तक्रार केली होती आणि तिची पाळी आज लागली होती. त्याला मनोरा उघडून हवा होता. किल्ली मिस्टर हेब्डन यांच्याकडे. ते सुई टोचून जेवायला बसतच होते. बशी तशीच टाकून ते किल्ली घेऊन आले आणि पाच वाजेपर्यंत मनोऱ्यातच अडकले, हे मला मागाहून कळलं.

"कोण हा नतद्रष्ट तक्रारखोर?" मी ग्रेगला विचारलं. तो विल्फला कडेवर घेऊन उभा होता. त्यानं घसा खाकरला.

"किर्स्टी, मागच्या हिवाळ्यात... तू जिन्यावर बसून रडत होतीस ना, तेव्हा मी फोन केला होता. मला वाटलं ते विसरले."

"मागच्या हिवाळ्यात!"

"मी तरी काय करू? दुसरं काय करता येतं तेच सुचलं नाही मला."

नवऱ्याचा गळा धरावा की गळ्यात पडावं, हे ठरवायला वेळ नव्हता. बेरिल जिन्यातून हाका मारत होती.

"तयार... निघाली... गेली!" मी म्हणाले आणि आम्ही निघालो.

पहिला बराच वेळ मी इतकी छान वाजवत होते की माझा मलाच संशय आला. घंटा गुंफत होत्या, सुटत होत्या, पुन्हा ओळीवर येत होत्या. मिस्टर हेब्डन मधूनमधून वळणाचा इशारा करत होते. मग इशारे विरळ झाले. मग बंदच झाले. आम्ही वाजवत राहिलो. खांदे भरून आले. ओळ आली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मला वाटलं, पाऊण तास असाच लांब असतो.

तेव्हा मी, सवयीनं, चेहऱ्याकडे पाहिलं.

मिस्टर हेब्डन यांचा वरचा ओठ घामानं चमकत होता. खोली थंड होती. डोळे उघडे होते, पण ते समोरच्या भिंतीपलीकडे कुठंतरी पाहत होते. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. खाणं चुकलं की विल्फ रडायच्या आधी अगदी असाच गप्प आणि पांढरा होतो. फक्त विल्फच्या हातात, डोक्यावर टांगलेल्या टनभर धातूचा दोर नसतो.

मी बेरिलकडे पाहिलं. तिचे डोळे दोरांवर. रॉजरचे दोरांवर. कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी काही म्हणेना. ज्यांनी 'स्टँड' म्हणायचं तेच भिंतीपलीकडे पाहत होते. मी थांबवलं तर विनीची फळी गेली, तीही विनीच्या दोरावरून, जेमतेम वर्षभर दोर धरलेल्या बाईमुळे. आणि ते ठीक असले तर? दम लागला असला तर? नुसते तंद्रीत असले तर? 'हीच ती, जिनं हेब्डनचं क्वार्टर पील घालवलं' असं माझ्या थडग्यापर्यंत म्हणतील. कदाचित थडग्यावरही.

त्यांचा उजवा हात दोरावरून घसरला आणि पुन्हा सापडला.

"स्टँड!" मी म्हणाले.

आवाज फुटलाच नाही. विल्फ प्लगकडे रांगत जातो तेव्हा निघतो, तो आवाज मी काढला. "स्टँड!"

सगळ्या घंटा थांबल्या. मिस्टर हेब्डन यांचीही. त्यांच्या डोक्यापर्यंत तो शब्द पोचला की नाही देव जाणे, पण हातांना तो सवयीनं कळत होता. त्यांनी घंटा अलगद उभी केली, दोर बांधला, आणि मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले.

"मी अगदी ठीक आहे," ते म्हणाले. "विनी, तू लवकर थांबवलंस."

माझ्या खिशात, प्रत्येक आईच्या खिशात असतं तसं, फळांच्या गराचं पाकीट होतं. आंबा आणि केळं, सहा महिन्यांवरील बाळांसाठी. बेरिलनं त्यांचं डोकं धरलं आणि मी ते थोडंथोडं त्यांच्या तोंडात पिळलं. मध्येच माझ्या तोंडून "आऽऽ, शहाणं बाळ" असंही निघून गेलं. रॉजरनं रुग्णवाहिकेला फोन केला आणि जिना किती अरुंद आहे हे इंचात सांगितलं. खालून मिसेस स्पिंकची हाक आली, "पोर्क पाय आणू का वर?" आणि उत्तराची वाट न पाहता त्या पोर्क पायची बशी घेऊन वर आल्या.

रुग्णवाहिकेची दोन माणसं पोचेपर्यंत मिस्टर हेब्डन यांच्या गालांवर रंग आला होता. त्या दोघांनी त्यांच्या बोटातलं रक्त तपासलं, माझ्या पाकिटावरचा मजकूर वाचला, आणि दोघांतली बाई म्हणाली, "आणखी थोडा वेळ वाजवत राहिले असते तर आम्ही यांना या जिन्यानं वेगळ्या तऱ्हेनं खाली नेलं असतं."

मी तेव्हा रडायला लागले. त्यामुळे सगळेच ओशाळले आणि सगळ्यांनी एकदम तो पोर्क पाय खायला सुरुवात केली.

"तसं बघायला गेलं," रॉजर भिंतीकडे बघत म्हणाला, "क्वार्टर पील कधीच पुरं झालं होतं."

"काय?"

"मी मोजत होतो. शेवटची ओळ येऊन गेली होती."

"माझ्याही मोजणीत आली होती," बेरिल म्हणाली. "चांगला पाव तास होऊन गेला."

"आणि तुम्ही वाजवत राहिलात?"

पाचव्या घंटेवरच्या गॉर्डननं खाली मान घातली. तोही मोजत होता. चौथ्या घंटेवरची त्याची बायकोही. "म्होरक्यानं म्हटलं नाही ना," ती पुटपुटली. "आपण कसं म्हणायचं?"

म्हणजे मनोऱ्यातल्या पाच जाणत्या माणसांपैकी चौघांना ठाऊक होतं की संपलंय, आणि पाचव्याला काहीच ठाऊक नव्हतं. आणि सगळी सभ्यपणे वाजवत होती. एक मीच अडाणी, म्हणून ओरडले.

खाली कौन्सिलचा माणूस यंत्र पेटीत ठेवत होता. आवाज अचानक आणि पूर्णपणे थांबला, असा शेरा त्यानं मारला. तक्रार निकालात.

फळीचं मात्र ठरेना. रॉजरचं म्हणणं, पुरतं वाजलं, वरती जास्तीचं वाजलं, तेव्हा फळी लावा. बेरिलनं तर सुताराला नावं कळवण्यापर्यंत मजल नेली. पुढच्या मंगळवारी मिस्टर हेब्डन जिना चढून आले, खिशात माझ्याकडे होतं तसलंच फळांचं पाकीट घेऊन (डॉक्टरांनी सांगितलं, असं ते म्हणतात, पण डॉक्टरांनी ग्लुकोजच्या गोळ्या सांगितल्या होत्या, पाकीट त्यांना आवडलं).

"फळी नाही," ते म्हणाले. "मी 'दॅट्स ऑल' म्हटलं नाही. म्हणजे झालं नाही. पुन्हा वाजवावं लागेल."

"खांद्याचं काय?" बेरिलनं विचारलं.

"खांदा जेवणानंतर बरा असतो."

मग माझ्याकडे वळून, बराच वेळ दोराची टोकं नीट करत, ते म्हणाले, "विनी कधी माझ्यावर ओरडली नाही, पोरी. ओरडायला हवं होतं तिनं. कधीकधी." आमच्याकडे यापेक्षा जास्त आभार कुणी मानत नाही. मी खाली जाऊन चर्चच्या मागच्या बाकावर बसले, आणि कुणाचे आभार मानायचे ते न सुचून सगळ्यांचेच मानले. मिसेस स्पिंकचे, आंब्याचे, केळ्याचे, त्या तीन नर वटवाघळांचे, फोन करणाऱ्या माझ्या नवऱ्याचेही.

त्यानंतर आम्ही ते क्वार्टर पील अनेकदा सुरू केलं. एकदा दोर तुटला. एकदा रॉजरला शिंका सुरू झाल्या. दोन वेळा मिस्टर हेब्डन यांनी स्वतःच चुकीचा इशारा दिला. बेरिल म्हणते, मुद्दाम देतो, संपवायचंच नाहीये त्याला. मी आपली ट्रेबलचा दोर धरते. संपवणं त्यांच्या हातात आहे.

आता रोज पाचला गावातलं कुणीतरी त्यांच्याकडे डोकावतं. गुरुवार माझा. पण या गुरुवारी विल्फला ताप आहे, ग्रेग पाळीवर आहे, आणि मिसेस स्पिंक बहिणीकडे गेल्यात. तेव्हा तुम्ही जर तिकडून जाणार असाल, तर चर्चच्या फाटकासमोरचं निळं दार वाजवा. ते उघडतील आणि म्हणतील, मी अगदी ठीक आहे. तेवढ्यावर परत फिरू नका. त्यांच्या वरच्या ओठाकडे बघा, आत या म्हटलं नाही तरी आत जा, आणि बशी रिकामी होईपर्यंत बसा.